अमावास्येला जुंपलेले मशीन

माझ्या पहिल्या वेल्डिंग मशीनच्या खरेदीविषयी झरीत आणि परभणीत ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्या ऐकताना मला नेहमी एक शंका येते. त्या खरेदीला मी स्वतः हजर होतो की नव्हतो?

आमच्या गावचे मोठे शेतकरी कै. दत्तराव यांच्या चिरंजीवांची परभणीत आज ग्रिल आणि शटर बनवण्याची शेड आहे. तिच्या वर्धापनदिनी त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले की, गुरुजींना पहिले मशीन आमच्या वडिलांनी निवडून दिले. मी त्या वेळी व्यासपीठावर होतो. खांद्यावर त्यांनीच घातलेली शाल होती, म्हणून गप्प बसलो. शाळेतले माझे एक निवृत्त सहकारी जेथे जातात तेथे असे सांगतात की, मी अज्ञानाने मशीनमध्ये खायचे तेल ओतले आणि अर्ध्या गावात भज्यांचा वास सुटला. गावातली म्हातारी मंडळी तर अजून ठामपणे म्हणतात की, मशीन पहिल्याच दिवशी बिघडले ते अमावास्येमुळे. संपादकांनी ‘कामाच्या आठवणी’ लिहायला सांगितले तेव्हा मी एका अटीवर होकार दिला : माझा मजकूर काटछाट न करता छापावा. या तिन्ही हकिकतींचा निकाल मला एकदाच लावायचा आहे.

प्रथम माझी ओळख. मी झरीचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि शिक्षक म्हणूनच निवृत्त झालो. वेल्डर म्हणून मी अद्याप निवृत्त झालेलो नाही, कारण त्या पदावर माझी नेमणूक कोणी केलीच नव्हती. तो माझा छंद होता, आणि त्याचा पगार मी कधी घेतला नाही. पंचायतीपासून पोळ्याच्या बैठकीपर्यंत सर्वत्र ‘गुरुजींचं येड’ म्हणून त्याचा उल्लेख होई. हे येड मला लागले कालव्याच्या कामावर. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेथे हजेरी लिहायला जात असे. शेजारीच वर्कशॉप होते. तेथला वेल्डर तोंडासमोर काळी काच धरून लोखंडाला लोखंड जोडत बसलेला असे. पहिल्या दिवशी मी काचेशिवाय पाहिले आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळलो. दुसऱ्या दिवशी त्याची काच मागून घेतली. काचेमागे मला जे दिसले ते असे : काळोखात एक हिरवट तारा, त्याखाली पातळ झालेल्या लोखंडाचे चिंचोक्याएवढे तळे, आणि ते तळे माणसाच्या हाताबरोबर पुढे सरकत होते. तीस वर्षांचा होतो मी. त्यापूर्वी इतके सुंदर काही पाहिले नव्हते, असे म्हटले तर माझी पत्नी रागावेल. म्हणून म्हणत नाही.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वेल्डिंगचे मशीन स्वतः काही जोडत नाही. तारेतून येणारी वीज घेऊन तिचा दाब ते कमी करते आणि जोर वाढवते. एक वायर कामाच्या लोखंडाला चिमट्याने लावायची, दुसरीच्या टोकाला रॉड धरायचा. रॉड लोखंडाच्या अगदी जवळ नेला की मधल्या फटीत ठिणगी पेटते आणि तिच्या उष्णतेने दोन्ही वितळतात. फार जवळ नेला तर रॉड चिकटून बसतो, दूर नेला तर ठिणगी विझते. सारी विद्या त्या एका फटीत आहे. वर्कशॉपातल्या त्या भल्या माणसाने मला दोन उन्हाळे भंगारावर रॉड जाळू दिले, तेव्हा कुठे ती फट माझ्या हाताला समजली.

आता घरचे सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. आमच्या वस्तीत मी विटांच्या भिंती उभ्या केल्या होत्या. पत्रे आणून भिंतीला टेकवून ठेवले होते. पण पत्रे ज्यावर बसायचे तो सांगाडाच नव्हता. सागवानी आढे आम्हाला झेपणारे नव्हते. दोन वर्षे आम्ही तुराट्यांच्या छपराखाली काढली. मागच्या पावसाळ्यात आमची धाकटी मुलगी ओल्या जमिनीवर झोपून छातीच्या दुखण्याने महिनाभर आजारी होती. मी पत्नीला, म्हणजे कमलला, सांगितले की लोखंडी अँगलच्या चार कैच्या मी स्वतः जोडीन. कैची म्हणजे छपराला पेलणारा त्रिकोणी सांगाडा. मात्र त्यासाठी स्वतःचे मशीन हवे. परभणीहून वेल्डर बोलावता आला असता, हे तिलाही ठाऊक होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने तो विषय काढला नाही. तिने अट तेवढी घातली.

“आणा मशीन. पण मिरगाच्या आत घरावर पत्रे पायजेत. न्हाई तर मी लेकरं घिऊन पाथरीला जाते. माझ्या भावाच्या घराला पत्रे हायत.”

कमल पोकळ धमकी देत नाही. म्हणून मशीनची निवड चुकणे मला परवडणारे नव्हते.

निवड दोन मशीनमध्ये होती. परभणीच्या मोंढ्याजवळच्या एका दुकानात ती दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली मी सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहून येत असे. इतक्या वेळा गेलो की दुकानदार शेठजी मला पाहताच पंखा बंद करीत. एक मशीन लहान, तांबड्या रंगाचे, वर मूठ असलेले. घरच्या साध्या विजेवर चालणारे, हवेने थंड होणारे, सायकलच्या कॅरिअरवर सहज मावेल असे. दुसरे म्हणजे कमरेएवढी राखाडी टाकी. आत तेल, तेलात तारांची वेटोळी, आणि चालवायला पिठाच्या गिरणीची असते तशी जादा दाबाची लाइन लागणार. उचलायला तीन माणसे. माझे मन तांबड्यावर गेले होते, हे कबूल करतो. रात्री डोळे मिटले की तेच दिसे. मूठ धरून ते मी शाळेत, शेतात, विहिरीवर, कुठेही नेत असलेला दिसे.

दत्तरावांचा सल्ला मी घेतला होता हे खरे. त्यांनी उत्तर दिले ते असे : “मोठं घ्या गुरुजी. मोठं ते मोठंच असतंय.” याला मशीन निवडून देणे म्हणत असतील, तर मग माझे सारे विद्यार्थी माझ्या मदतीशिवाय पास झाले असे म्हणायला हरकत नाही. दत्तरावांनी जे दिले त्याबद्दल मी आजन्म ऋणी आहे. ती गोष्ट वेगळी. त्यांची पिठाची गिरणी होती आणि तेथे जादा दाबाची लाइन होती. मोठे मशीन घेतले तर गिरणीच्या अंगणात चालवा, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. अडचण एवढीच की गिरणी चालू असली की वीज तिलाच पुरत नसे. त्या वेळी रॉड लावला तर नुसता चिकटून बसला असता. गिरणी दिवसभर बंद राही ती महिन्यातून एकदा, अमावास्येला. त्या दिवशी आमच्याकडे औताला बैल जुंपत नाहीत आणि कोणी नवे काम सुरू करीत नाही. आम्ही बौद्ध झालो त्यानंतर आमच्या घरांनी हे पाळणे सोडले होते. बाकीचा गाव विसावा घेई त्या दिवशी लाइन मोकळी असे, आणि मोकळी लाइन वापरायला आम्ही मोकळे होतो. वैशाखातली अमावास्या तेवढी मिरगाच्या आत येत होती. तिच्या पुढची आली असती ती पावसात.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस्‌टीने मी आणि कमल परभणीला गेलो. आमच्याबरोबर वायरमन रहीमभाई होते. विजेच्या बाबतीत मी केवळ त्यांचाच शब्द मानत असे. त्यांनी दोन्ही मशीनभोवती एकेक फेरी मारली आणि बिडी पेटवून बाहेर उभे राहिले. मी तांबड्या मशीनवरची पट्टी शेठजींना मोठ्याने वाचून दाखवत होतो. किती अँपिअर, किती जाडीचा रॉड. दहा नंबरचा रॉड त्यावर जळत होता आणि माझ्या कैच्यांना दहा नंबरच लागणार होता. मी जवळजवळ हो म्हटले होते.

तेवढ्यात कमलने शेठजींना विचारले, “ह्याला किती येळ जुंपायचं आन किती येळ सोडायचं?”

शेठजी हसले. म्हणाले, बाई, हे मशीन आहे, बैल नाही.

“म्हणून तर इचारायले. बैल थकला की खाली बसतो, दिसतंय तरी. हे थकलेलं कसं कळायचं?”

शेठजींनी माझ्याकडे पाहिले, मी रहीमभाईंकडे. रहीमभाई दारातून आत आले आणि पट्टीच्या अगदी खालच्या ओळीवर त्यांनी नख ठेवले. ती ओळ मी दहा वेळा वाचली होती, पण मन लावून एकदाही नाही. तिचा अर्थ असा होता की तांबड्या मशीनने दहा मिनिटांत दोन मिनिटे काम करायचे आणि आठ मिनिटे विश्रांती घ्यायची. राखाडी टाकी दहांतली सहा मिनिटे काम करीत होती. चार कैच्या, प्रत्येकीचे पंचवीस-तीस जोड, आणि दिवस एकच. हिशेब मांडायची गरजच उरली नाही.

प्रश्न कमलचा होता. निर्णय माझा होता. हे मी ठणकावून सांगतो, कारण घरात चौथी हकिकत प्रचलित आहे आणि ती वेगळे सांगते.

नव्याने छंदाला लागणाऱ्यांना मी आजही हेच सांगतो. पहिले मशीन घेताना त्याची ताकद शेवटी पाहा. आधी त्याचा दम पाहा. बैल विकत घेणारा शेतकरी शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो बैल गाडीला जुंपून, ओझे भरून, चढावर नेऊन पाहतो. मी शेठजींकडे तोच हक्क मागितला. दुकानामागे लाइन होती. टाकी तेथे नेऊन मी सोबत नेलेल्या तुकड्यांवर सलग रॉड जाळले, मध्ये फक्त पट्टीने सांगितलेली विश्रांती दिली, आणि तळहात टाकीवर ठेवून पाहिला. कोमट होती. एवढ्यावर माझे समाधान झाले नाही. आतली वेटोळी तांब्याची की अ‍ॅल्युमिनिअमची, हे पाहायचे होते, कारण त्या काळी दोन्ही विकली जात आणि बाहेरून सारखीच दिसत. शेठजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण मी झाकणाचे चार नट सोडले, तेलात हात घातला आणि आतल्या तारेवर चाकूचे टोक हलकेच ओढले. तांबडी रेघ उमटली. रहीमभाई म्हणाले, “ले लो गुरुजी. ये मरता नै.”

त्या क्षणाचा आनंद मी शब्दांत मांडू शकत नाही. तेलाने माखलेला हात मी धोतराला पुसला, हे कमलने नंतर दाखवले तेव्हा कळले.

दत्तरावांची गाडी मोंढ्यात माल घालून रिकामी परत चालली होती. गाडीवान किसन याला मशीन उभे ठेवून दोरांनी बांधायचे होते. मी म्हणालो, उभे ठेवले तर कलंडेल; आडवे टाक. किसनने एकदा माझ्याकडे पाहिले आणि गुरुजी म्हणतात म्हणून आडवे टाकले. झरीपर्यंतच्या त्या रस्त्यावर मी गाडीत मशीनला पाठ टेकून बसलो होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने विचारावे म्हणून वाट पाहत होतो. विचारलेही अनेकांनी. मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिले. दिवस मावळता मावळता गाडी गिरणीच्या अंगणात लागली. मशीन अंधुक उजेडात उतरवून ठेवले आणि आम्ही घरी गेलो.

अमावास्येच्या सकाळी मी झाकण काढले तेव्हा टाकीत तेल निम्मेच होते. वरची वेटोळी उघडी पडली होती. वाटभर माझ्या पाठीमागे गळत गेलेल्या तेलाने गाडीच्या फळ्या काळ्या झाल्या होत्या.

अंगणात आमच्या वस्तीतले पंधरा-सोळा गडी जमले होते. कापून ठेवलेले अँगल पसरले होते. दत्तराव पायरीवर उभे होते. त्यांनी आधी किसनला बोलावले आणि चारचौघांत त्याची अशी खरडपट्टी काढली की तो मान वर करेना. मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून बोलले.

“गुरुजी, म्या तुमाला कालच म्हणलं व्हतं, आवसंला नवं लोखंड कुणी चेतवत न्हाई. जागा म्या दिली, आता बोल मलाच लागायलाय. ऱ्हाऊ द्या. पुढच्या म्हैन्यात बघू.”

पुढच्या महिन्यात माझे घर पाथरीला गेलेले असणार होते. पण खरे सांगतो, त्या क्षणी मला घराचेही भान नव्हते. मी झाकणाकडे पाहत होतो. चारही नट बोटाने फिरत होते. दुकानात तांबे पाहिल्याच्या आनंदात मी ते पाना न लावता नुसते हाताने फिरवून ठेवले होते. वर मशीन आडवे टाकायला मीच लावले होते. मी गप्प राहिलो असतो तर अंगणातला प्रत्येक माणूस अमावास्येला दोष देऊन घरी गेला असता आणि माझी अब्रू शाबूत राहिली असती. इतके सोपे होते ते.

रागावलो की मी पुस्तकी बोलतो. म्हणालो, “दत्तराव, हे चार नट मी सैल ठेवले. मशीन आडवे टाकायला मी सांगितले. किसन उभे ठेवा म्हणत होता. यात अमावास्येचा काहीही संबंध नाही. चूक माझी आहे, आणि ती मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.”

मूर्ख ठरलो. चालेल. पण अमावास्या जिंकता कामा नये, एवढे एकच माझ्या डोक्यात होते. किसनची मी तेथेच सर्वांसमक्ष क्षमा मागितली. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या गुर्जी, व्हतंय.” तेवढ्यावर त्याने विषय संपवला. मी तो आजवर संपवू शकलेलो नाही.

 दत्तरावांनी विचारले की, चूक कोणाची ते कळले, पण तेल कुठून आणणार? प्रश्न रास्त होता. मशीनचे तेल परभणीत मिळे आणि परभणीचे दुकानही अमावास्येला बंद असे. निम्म्या तेलावर चालवले तर उघडी तार जळणार. मी रहीमभाईंना विचारले की, या तेलाचे नेमके काम काय असते.

“दोच काम हैं गुरुजी. गरमी बाहर ले जाना, और करंट को अपनी जगा पे रखना. कायका बी तेल हो, चलता. बस पानी नको.”

हे ऐकून कमल उठली आणि वस्तीकडे निघाली. काय चालले आहे ते मला कळेपर्यंत ती परत आली ती करडईच्या तेलाचा डबा घेऊन. तिच्यामागे आणखी तीन बायका, तीन डबे. सुगी होऊन फार दिवस झाले नव्हते. घाण्यावरून काढून आणलेले वर्षाचे तेल होते ते. मी म्हणालो की घाण्याच्या तेलात पाण्याचा अंश असतो. कमल म्हणाली, “ते मला सांगायलाव? तेलात पाणी आसलं की ते बोलतंय. गप बसंस्तोर तापवायचं.”

गिरणीच्या अंगणात तीन चुली मांडल्या. कढयांत तेल तापू लागले. आधी तडतडले, मग कुरकुरले, आणि मग एकेक कढई गप्प झाली. रहीमभाई कान लावून बसले होते. प्रत्येक कढईला त्यांनी मान डोलावून मंजुरी दिली. तेल तापते आहे हे पाहून एका बाईने कडेला बेसन कालवले, कारण इतक्या माणसांना उपाशी कसे ठेवायचे. वास आला तो त्याचा. माझ्या निवृत्त सहकाऱ्यांनी त्यातली सात-आठ भजी स्वतः खाल्ली होती, ही गोष्ट ते सांगायची विसरतात. आणि तेल मी अज्ञानाने ओतले नाही. ते पूर्ण ज्ञानाने, निवल्यावर, फडक्यातून गाळून ओतले. तार बुडेपर्यंत ओतले आणि नट आवळले. या वेळी पान्याने.

दिवस चांगलाच वर आला होता. मी लाइन जोडली, काच तोंडासमोर धरली आणि रॉड टेकवला.

पेटला. एका टिचकीत पेटला. मोकळ्या लाइनीवर आवाज येतो तो कांदा तेलात पडल्यासारखा, सलग, एकसारखा, मध्ये खंड नाही. आजूबाजूची माणसे तोंडे फिरवून उभी होती आणि मी मात्र काचेमागे त्या छोट्याशा तळ्याकडे पाहत हसत होतो. माझे घड्याळ कमलच्या मनगटावर होते. सहा मिनिटे झाली की ती म्हणे, “सोडा.” चार मिनिटांनी म्हणे, “जुंपा.” दिवसभर तिने मला जुंपले आणि सोडले. एखादा जोड राहिला आहे, एवढा पुरा करतो, असे मी म्हणे. ती चिमटाच काढून घेई. दुपारपर्यंत गडी पैजा लावू लागले की मशीन आधी थकते की गुरुजी. गड्यांनी अँगल धरायचे, मी टाके मारायचे, मग पुन्हा पूर्ण जोड ओढायचा, वरचा कीट हातोडीने झाडायचा. किसन न सांगता येऊन अँगल धरायला बसला तो उठलाच नाही. तिसऱ्या कैचीनंतर मी टाकीवर तळहात ठेवला. गरम होती, पण हात टिकत होता. करडईच्या तेलाने काम पार पाडले होते.

चौथी कैची उन्हे कलायच्या सुमारास पुरी झाली. दोन्ही टोकांखाली दगड देऊन ती आडवी ठेवली आणि मधोमध आम्ही आठ जण चढून उभे राहिलो. एकही जोड बोलला नाही. दत्तराव चढले नाहीत, पण पायरीवरून उतरून खाली आले आणि प्रत्येक जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला.

गिरणी गावाच्या एका टोकाला, आमची वस्ती दुसऱ्या. चार कैच्या सोळा खांद्यांवर घेऊन आम्ही गावातल्या मोठ्या रस्त्याने निघालो. दिवस मावळायला आला होता. अमावास्येमुळे सारे घरीच होते. ओट्यांवर बसलेली माणसे पाय मागे घेऊन वाट देत होती. हे लोखंड काय आहे, कोणी जोडले, असे कोणी ना कोणी विचारत होते, आणि पुढच्या कैचीखालचा गडी प्रत्येक वेळी तेच उत्तर देत होता : “गुर्जीचं घर हाय.” त्या रस्त्याने आमच्या वस्तीतले इतके लोक एकत्र, ताठ मानेने, मी त्यापूर्वी जाताना पाहिले नव्हते. मी शेवटच्या कैचीखाली होतो. खांदा सोलून निघाला. ते दुसऱ्या दिवशी कळले.

आठवड्यात कैच्या चढल्या, पत्रे बसले, मिरगाला काही दिवस शिल्लक राहिले. पाथरीला कोणी गेले नाही. मशीनमधले करडईचे तेल मी लगेच काढले, तरी ते टाकीच्या तळाशी डिंकासारखे चिकटून राहिले. कमलला ते रॉकेलने धुवायला दोन रविवार लागले; मग योग्य तेल भरले. त्या दोन रविवारी मी घरात फारसा दिसलो नाही, याचा खेद आहे. मशीनसाठी दोन वर्षे लेकरांना तुराट्यांखाली ठेवले त्याचा अधिक आहे; तो पैशाचा प्रश्न नव्हता, माझ्या हट्टाचा होता. ज्या घरांतून तेलाचे डबे आले त्या घरांच्या चुलींच्या जाळ्या, कुलपांच्या कड्या आणि पाळण्यांचे आकडे मी पुढची अनेक वर्षे जोडून दिले.

आता त्या म्हाताऱ्या मंडळींसाठी शेवटची गोष्ट, जी ते कधीच सांगत नाहीत.

पुढची अमावास्या पेरणीच्या ऐन दिवसांत आली. शाळेतून येऊन मी नुकताच बसलो होतो. दत्तराव दारात आले. हातात तिफणीचा लोखंडी फण होता, मधोमध मोडलेला. आमच्या घराची पायरी ते त्यापूर्वी चढलेले नव्हते. त्या दिवशी आत आले, खाटेवर बसले, आणि बराच वेळ वर कैच्यांकडे पाहत राहिले. कमलने चहा ठेवला. ठेवता ठेवता म्हणाली, “दत्तराव, आज आवस हाय. उद्या आणायचा व्हता.”

त्यांनी चहाची कपबशी उचलली. “काल मोडला, वैनी. मोडायला त्यानं दिवस बघितला न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “उद्या दिवस उगवायला पेरायचं हाय गुरुजी. गिरणी बंदच हाय आज. म्हणलं, लाइन मोकळी आसंल.”

मी खुंटीवरून काच घेतली. गिरणीच्या अंगणात त्यांनी स्वतः फणाचे एक टोक धरले, मी दुसरे जुळवले, रॉड उचलला. ते डोळे मोठे करून जोडाकडेच पाहत होते.

“तोंड फिरवा, दत्तराव,” मी म्हणालो, आणि त्यांनी फिरवले.